परत मागितलेली दुपार

आईने मिहिरला शाळेच्या फाटकातून घरी आणलं तो मंगळवार होता. शाळा सुरू होऊन सहा आठवडे झाले होते. मिहिर चार वर्षांचा होता, मी चौदा वर्षांची होते. बाबा ऑफिसात होते. त्यांना संध्याकाळी कळलं.

आम्ही तेव्हा ब्रॅकनेल या इंग्लिश गावात राहत होतो, एका ओळीतल्या घरांपैकी शेवटच्या घरात. खाली स्वयंपाकघर आणि बसायची खोली, वर दोन खोल्या, आणि जिन्याखाली एक कपाट, ज्यात आईने नागपूरहून आणलेले मसाल्याचे डबे आणि बाबांच्या वायरी एकत्र नांदत होत्या. सकाळी सहाला बॉयलर धडधडून चालू व्हायचा, मग बाबांची किटली, मग आईचा कुकर. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी सुरुवातीला एकदा दार वाजवून विचारलं होतं की तुमच्याकडे काही बिघडलंय का. आईने त्यांना आत बोलावून कुकर दाखवला, शिट्टी होईपर्यंत उभं केलं आणि वरणभात खाऊ घालून पाठवलं. त्यानंतर त्या शिट्ट्या मोजायला लागल्या. भेटल्या की म्हणायच्या, आज चार झाल्या, म्हणजे राजमा होता ना?

या सगळ्या आवाजांत मुख्य आवाज मिहिरचा होता. मी नऊ वर्षांची असताना, नागपूरला चौथी पास होऊन इथे आले होते. मिहिर इथेच जन्मला. तो बोलायला लागला आणि थांबलाच नाही. त्याचं मराठी आमच्या तिघांचं ऐकून झालेलं, शिवाय त्यात त्याचं स्वतःचं काही. "आई, माझा गाडी पडला, बेडच्या अंडर गेला, आता तो झोपून राहिला." चालता चालता, जेवता जेवता, शौचालयात बसूनसुद्धा तो बोलायचा आणि मध्येच ओरडून विचारायचा, "ऐकतेय ना?" बाबा म्हणायचे, "सुषमा, याला पॉजचं बटन नाही." आई म्हणायची, "नको बाप्पा, असू दे. बोलून राहिला म्हणजे चालू आहे."

बाबा टेस्टर होते. पार्किंगच्या तिकिटाची मशिनं असतात, त्यांचं सॉफ्टवेअर तपासणं हे त्यांचं काम. त्यामुळे आम्ही कुठेही फिरायला गेलो की पहिली पंधरा मिनिटं कार पार्कमध्ये जायची. बाबा मुद्दाम चुकीचा नंबर टाकायचे, मध्येच कॅन्सल दाबायचे, नाणं अर्धं आत घालून धरून ठेवायचे. मागे रांग लागायची. मी लाजेने पुस्तकात डोकं घालून गाडीत बसायचे. आता वाटतं, एखाद्या गोष्टीकडे इतकं लक्ष देणारा माणूस घरात असणं काय असतं, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

आई नागपूरला सात वर्षं बालवाडीची बाई होती. इथे ती कोणीच नव्हती. सकाळी चर्चच्या हॉलमध्ये प्लेग्रुप भरायचा, तिथे ती मिहिरला घेऊन जायची आणि बाकीचे आईबाप कॉफी पीत असताना गुडघ्यांवर बसून मुलांच्यात असायची. तिथे मागच्या अंगणात जुन्या पातेल्यांचं एक स्वयंपाकघर होतं, चिखल कालवायला. पहिल्यांदा ते पाहून आई इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "आम्ही लेकरांना हेच करू द्यायचो तर पालक भांडायला यायचे. इथे मांडून ठेवलंय."

शाळा निवडायची वेळ आली तेव्हा घरात दोन बाजू पडल्या. एक नवी अकॅडमी होती, नव्या वसाहतीच्या टोकाला. चार वर्षांच्या मुलांना ब्लेझर. वर्गातून हॉलमध्ये जाताना ओळ, हात मागे बांधलेले, तोंड बंद. पहिल्या आठवड्यापासून अक्षरांचे ध्वनी, रोज, घड्याळ लावून. दुसरी शाळा जुनी, तिच्या पहिल्या वर्गात मुलं बहुतेक वेळ बाहेर असायची आणि वाचन हळूहळू यायचं. बाबांना पहिली हवी होती. आईला दुसरी. फॉर्मची शेवटची तारीख संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी होती, आणि संक्रांतीला आम्ही जवळच्या रीडिंग गावात काळेकाकांकडे होतो. काळेकाका भूलतज्ज्ञ. तिथे हॉस्पिटलात वीस वर्षं नोकरी, दोन मुली मेडिकलला. आमच्यासारख्या नव्या लोकांना ते घर कुठे घ्यावं इथपासून दात कुठे दाखवावेत इथपर्यंत सगळं सांगायचे, आणि लोक ऐकायचे.

"खेळातून शिक्षण वगैरे हे इंग्लिश लोकांचे चोचले आहेत," काका तिळाची वडी मोडत म्हणाले. "त्यांची मुलं चिखलात खेळतात आणि संध्याकाळी घरी ट्यूटर येतो. ते तुम्हाला कोणी सांगत नाही."

"मग आपण पण ट्यूटर लावू," आई म्हणाली. "चिखल कालवायचा."

सगळे हसले. काकाही हसले, मग म्हणाले, "वहिनी, तुमचं ठीक आहे. तुम्ही लाडाने बोलता. पण मुलगा आहे. स्ट्रक्चर पाहिजे. काय रे, प्रकाश?"

बाबा म्हणाले, "हो, सुषमाला सवय आहे ना मुलांना खेळवायची. तिला वाटतं सगळं खेळातच होतं."

खेळवायची, असा शब्द त्यांनी वापरला. वाईट हेतूने नाही. सात वर्षं आईने जे केलं त्याला घरात तोच शब्द होता, माझ्याही तोंडी. हळदीकुंकवाच्या वाणाचा प्लॅस्टिकचा डबा आईच्या मांडीवर होता, त्याचं झाकण ती उघडत होती, लावत होती. दुसऱ्या दिवशी बाबांनी फॉर्म भरला आणि अकॅडमी पहिली लिहिली. आईने "लिहा" म्हटलं. आजही मला नक्की सांगता येत नाही की ती तेव्हा हरली होती की वाट बघायला तयार झाली होती.

सप्टेंबरात मिहिर ब्लेझर घालून गेला. बाह्या बोटांच्या खाली येत होत्या. बाबांनी फोटो काढून नागपूरला पाठवले. शाळा वाईट नव्हती, हे मला इथे लिहिलं पाहिजे. बाई प्रेमळ होत्या, फळ वेळेवर मिळायचं, आणि तिसऱ्या आठवड्यात मिहिरने डब्यावरचं अक्षर ओळखलं तेव्हा बाबांनी त्याला खांद्यावर घेऊन घरभर फिरवलं. फक्त तो शाळेत बोलत नव्हता. एक शब्दही नाही. शाळेने सांगितलं, काही मुलांना वेळ लागतो. पाचव्या आठवड्यात सांगितलं, दुपारच्या वेळी त्याला एका वेगळ्या छोट्या गटात बसवू आणि तज्ज्ञांकडे पाठवायचा अर्ज करू. तसं पत्र घरी आलं, त्यात अर्जातलं त्याचं वर्णन होतं. भाषेचा विकास उशिरा. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून बॅगेत ठेवलं.

आईने दुसरंच काही पाहिलं होतं. मिहिर घरीही गप्प होत चालला होता. साडेतीनला आला की तो कोट न काढता बसायच्या खोलीत जायचा आणि गाड्या भिंतीलगत ओळीने लावायचा. आधी तासभर, मग दोन तास. सोमवारी त्याने गाड्या लावल्या आणि त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभा राहिला. मी सोफ्यावर गृहपाठ करत होते. मी हे पाहिलं आणि पुन्हा वहीत बघितलं. मला ते गोड वाटलं, एवढंच. आई दारात उभी होती. तिने घड्याळ बघितलं.

मंगळवारी फाटकाशी ओळ लागली, मिहिरने हात मागे बांधले, आणि आईने त्याचा एक हात सोडवून आपल्या हातात घेतला. शाळेच्या ऑफिसात जाऊन तिने जे सांगितलं ते तिने मला नंतर म्हणून दाखवलं, कारण ते वाक्य तिने तीन दिवस बसवलं होतं. तिच्याकडे कौन्सिलचं एक पत्रक होतं. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर जे सत्र सुरू होतं तेव्हापासून मुलाने पूर्णवेळ शाळेत येणं बंधनकारक, त्याआधी पालक अर्धा दिवस मागू शकतात. मिहिरचा वाढदिवस फेब्रुवारीत. म्हणजे ईस्टरच्या सुट्टीनंतरचं सत्र सुरू होईपर्यंत. फॉर्म, पत्रकं, नियम हे सगळं बाबांचं खातं होतं, आणि बाबांनी ते पत्रक वाचलं नव्हतं. आईने डिक्शनरी घेऊन वाचलं होतं.

संध्याकाळी बाबा बूटही न काढता उभे राहिले. "या शाळेत अ‍ॅडमिशन मिळावी म्हणून लोक घर बदलतात, सुषमा."

"मी अ‍ॅडमिशन सोडली नाही. उद्यापासून सकाळी जाईल तो. दुपार तेवढी परत मागितली."

"आणि दुपारी काय करणार?"

"घरी राहील. माझ्याजवळ."

"म्हणजे खेळणार."

"हो," आई म्हणाली. "खेळणार. जेवण वाढू का?"

त्या दिवशी गोळाभात होता. डाळीचे वाटलेले गोळे, वरून हिंगाची फोडणी, बाबांची सगळ्यात आवडती गोष्ट. बाबा जेवले, पण वरून तेल मागितलं नाही. आमच्या घरात यापेक्षा मोठं भांडण होत नसे. मिहिर दोघांकडे आळीपाळीने बघत होता आणि बोलत नव्हता.

बुधवारी शाळेचा ईमेल आला. मुख्याध्यापिकांना सोमवारी आईवडिलांना भेटायचं होतं. मुलाची प्रगती आणि अर्धवेळेची विनंती, दोन्हींवर बोलू. जमल्यास घरी तो कसा असतो याची काही माहिती आणा. शनिवारी दुपारी आईने जिन्याखालच्या कपाटातून एक वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "मने, याचं इंग्लिश कर. तू चांगलं लिहितेस."

मला वाटलं होतं हिशेबाची नाहीतर पाककृतींची वही असेल. ती मिहिरची वही होती. तो दीड वर्षाचा असल्यापासून आई रोज त्यात चारपाच ओळी लिहीत होती. बालवाडीत प्रत्येक मुलामागे अशी एक टिपणवही ठेवायची पद्धत होती, हे मला त्या दिवशी कळलं. बालवाडीच्या बाईंना शिकवणाऱ्या मॅडमचा एकच नियम होता: मुलगा कसा आहे ते लिहायचं नाही, मुलाने काय केलं ते लिहायचं. हुशार, हट्टी, लाजाळू, मंद, यातला कुठलाही शब्द दिसला की मॅडम पान फाडायच्या. आईची पानं सुरुवातीला इतकी फाटली की वही बारीक झाली होती, असं ती सांगायची.

मी भाषांतराला बसले आणि मला भीती वाटली. एवढी कोरडी पानं घेऊन आपण त्या ऑफिसात जाणार? माझा भाऊ त्यात कुठे दिसतच नव्हता, नुसते वाटाणे आणि बाटल्या. म्हणून मी माझ्या परीने मदत केली. मिहिर अतिशय बुद्धिमान मुलगा आहे. तो अत्यंत जिज्ञासू आहे. शाळेत निबंधाला चांगले गुण मिळवणाऱ्या मुलीला सुचेल ते सगळं मी घातलं. आई शेजारी सांबार निवडत बसली होती, म्हणजे कोथिंबीर, पण आमच्याकडे सांबारच. तिने हात पुसले आणि माझा कागद उचलला. इंग्लिश बोलायला ती बिचकायची, वाचायला नाही.

"हे व्हेरी ब्राइट कुठं लिहून आहे वहीत?"

"मी घातलं."

"काहून?"

"त्यांना कळायला नको का, आपला मिहिर कसा आहे ते?"

"काढ," आई म्हणाली. "त्यांनी लिहिलं तो उशिराचा आहे. आपण लिहायचं तो हुशार आहे. मग ते मोठे की आपण मोठे, एवढंच उरते. लेकरू राहतं बाजूला."

बाबा खिडकीपाशी चहा घेऊन बसले होते. मंगळवारपासून ते कमीच बोलत होते. ते उठले आणि वही मागितली. उभ्यानेच एक पान वाचायला लागले, मोठ्याने, अक्षर लागत नसल्यासारखं सावकाश. "चार वाजून दहा. बाटलीत वाटाणे टाकले, एकेक करून. सदतीस. अडतिसावा अडकला. बोटाने ढकलला. गेला नाही. बाटली हलवली. गेला नाही. बाटली आडवी करून जमिनीवर लोळवली. गेला. पुढचे सगळे वाटाणे आडव्या बाटलीत टाकले." त्यांनी पान उलटलं. पुढचं मनातल्या मनात वाचलं. आणखी दोन पानं. चहा खिडकीवर गार झाला.

"सुषमा, हे तू रोज लिहितेस?"

"रोज. ताप होता तेव्हा नाही."

"ऑफिसात मी नवीन पोरांना सहा सहा महिने हेच शिकवतो," बाबा म्हणाले. "मशीन खराब आहे असं लिहू नका. काय दाबलं, काय झालं, मग काय केलं, ते लिहा. इंजिनिअर असतात. त्यांना जमत नाही."

"आम्हाला एका उन्हाळ्यात शिकवलं," आई म्हणाली. "मॅडम कडक होत्या."

बाबा हसले नाहीत. त्यांनी शेवटची पानं उलटत सोमवारचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं की साडेतीन ते पाच वाजून चाळीस मिनिटांपर्यंत मिहिर बोलला नाही, एकवीस गाड्या लावल्या, आणि हात मागे घेऊन सहा मिनिटं उभा राहिला. त्याखाली काही नव्हतं. आईने तिथेही आपलं मत लिहिलं नव्हतं. मग बाबा लॅपटॉप घेऊन आले, माझा कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "तू वाच, मी टाइप करतो. एकही शब्द जास्तीचा नको." वेळ, काय केलं, पुढे काय झालं, असे तीन रकाने त्यांनी आखले. कुठे अडलं तर ते मला नाही, आईला विचारत होते. "हे ढकलला म्हणजे तर्जनीने की अंगठ्याने?" आणि आईला ते आठवत होतं. माफी वगैरे कोणी मागितली नाही. पण संक्रांतीला वापरलेला तो शब्द त्यानंतर बाबांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

सोमवारी माझी शाळा बंद होती, म्हणून मीही गेले, अडलं तर सांगायला. मुख्याध्यापिका उंच होत्या, टेबलावर फक्त एक फाइल. त्यांनी चार पानं वाचली. घाई केली नाही. आई मांडीवर हात ठेवून बसली होती, बाबा तिच्याकडे बघत होते, टेबलाकडे नाही. पानं वाचून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला: दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली दिली तेव्हा त्याने सुरुवातीलाच आडवी धरली का? आईने माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. "नो. ही फर्गॉट. थर्टी-सेव्हन अगेन. देन ही रिमेंबर्ड." मुख्याध्यापिका म्हणाल्या, हो, माझ्या मुलीचंही तसंच व्हायचं. मग त्यांनी सांगितलं की फक्त सकाळी आला तरी ठीक आहे, अर्ज सध्या थांबवू, पण ईस्टरनंतर त्याला बाकीच्या मुलांसारखंच यावं लागेल, आणि ओळीतच. आई म्हणाली, "लाइन इज ओके. फॉर लंच, लाइन. फॉर ऑल डे, नो." त्या बाई थोड्या हसल्या. ती चार पानं ठेवून घेऊ का असं न विचारताच त्यांनी ती फाइलमध्ये लावली.

बाहेर आल्यावर बाबांनी गाडीचं दार उघडायच्या आधी आईची बॅग हातात घेतली. नेहमी ती तीच धरायची. मी मागे बसले होते आणि मला जे वाटलं त्याला मी तेव्हा नाव दिलं नाही. आज देते. मला दोघांचाही अभिमान वाटला. आईचा, कारण जे तिला येत होतं ते इतकी वर्षं कोणी विचारलं नाही तरी ती ते नीट करत राहिली. आणि बाबांचा, कारण आपलं चुकलं हे त्यांनी जसं तपासायचं असतं तसं तपासलं, आणि कामाला लागले.

त्या हिवाळ्यातल्या दुपारी मला अजून चवीसकट आठवतात. शाळेतून येईस्तोवर काळोख पडायला लागलेला, स्वयंपाकघराची काच वाफेने धुरकट, जमिनीवर वर्तमानपत्र. त्यावर मिहिर सांबाराची पानं खुडतोय, भिजवलेली डाळ बोटांनी दाबतोय, कणकेचे साप करतोय. सांबारवडीचं सारण तो आईच्या मापाने नाही, त्याच्या मापाने भरायचा, म्हणून वड्या तळताना फुटायच्या आणि आम्ही फुटलेल्या खायचो. पहिले काही दिवस तो गप्पच होता. मग एकदा आईला म्हणाला, "हा जास्त झाला," आणि थोड्या वेळाने, "ऐकतेय ना?" आईने तव्याकडे बघत "हो" म्हटलं. मी जिन्यावर बसून रडले. काही आठवड्यांत प्लेग्रुपमधल्या दोघींनी आपली मुलं दुपारची आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली, आणि आईने जिन्याखालच्या कपाटात आणखी दोन वह्या ठेवल्या. पुढे त्याच चर्चच्या हॉलमध्ये तिला नोकरी मिळाली. ती तिने शेवटपर्यंत केली.

शाळेत मिहिर मार्चमध्ये बोलला. कोट अडकवायच्या जागी एका मुलाला म्हणाला, "दॅट्स माय पेग." बाईंनी आईला फाटकाशी गाठून हे सांगितलं. अकॅडमीत तो सहा वर्षं होता. वाचायला तिथेच शिकला आणि लवकर शिकला, हे आई काळेकाकांना स्वतःहून सांगायची. काका म्हणायचे, "बघा, स्ट्रक्चर." आई म्हणायची, "बघा, दुपार."

हे प्रकरण लिहायला मला फार दिवस लागले. मी ग्रंथालयात काम करते, इतरांची पुस्तकं जागेवर ठेवणं मला जमतं. आईबद्दल एक परिच्छेद लिहायचा आणि दोन दिवस बाजूला ठेवायचा, असं चाललं होतं. काळेकाका आईच्या अंत्यविधीला आले तेव्हा खूप वेळ बाबांचा हात धरून बसले आणि काहीच बोलले नाहीत. त्यांना तसं बसलेलं मी प्रथमच पाहत होते.

आई जाऊन चौदा महिने झाले. बाबा अजून त्याच घरात राहतात आणि मशीन तपासतात. मिहिर त्यांच्याबरोबर असतो, मी शनिवारी जाते. त्या घरात मराठी बोलणारे आता आम्ही तिघे आहोत, आणि तिघांत जास्त मिहिर बोलतो.